ओळ दोनशे चौदा

बस श्रेया, लाइट गेली म्हणून लगेच बॅग उचलू नकोस. यूपीएस अजून अर्धा तास रडत-कढत चालेल आणि तुझी पेठची एसटी साडेसहाशिवाय मंचर सोडत नाही. सकाळी तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी चहाचं निमित्त काढून उठून गेलो. तुला वाटलं असेल, परवा कॉलेजातून आलेल्या मुलीने चूक दाखवली ते या माणसाला झोंबलं. तसं नाही गं. कोड तपासणाऱ्या टूलच्या अहवालात एक तक्रार आहे, आणि ज्या फाइलबद्दल ती आहे ती फाइल आपल्याकडे नाहीच, असं तू म्हणालीस. बरोबर आहे, ती नाही. मी स्वतः उडवली. का, ते आज सांगतो.

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी मी खोडदला एक डबा काढून आणायला गेलो होतो. काम एवढंच. आपले डबे तू पाहिले आहेस, खांबावर कॅमेरा, त्याच्या खाली भोंगा. उसाच्या कडेला बिबट्या दिसला की कॅमेरा ओळखतो, आपला प्रोग्रॅम भोंग्याला हुकूम सोडतो आणि काय काय घडलं ते लॉगमध्ये एकेक ओळ करून लिहीत जातो. या ओळी मराठीतच हव्यात, हा आपल्या मालकाचा, गोकुळशेटचा हट्ट. गावच्या माणसाला मोबाइलवर वाचता आल्या पाहिजेत म्हणून. जुन्नर-आंबेगावात मिळून आपले त्रेसष्ट डबे आहेत, त्यातला हा सतरा नंबरचा. त्याच्याखाली महिन्यापूर्वी एक बाई बिबट्याच्या तोंडी गेली होती. घरच्यांना तो खांब डोळ्यांपुढे नको होता, म्हणून काढायचा.

तिचं नाव रुपाली. वय एकतीस. नवरा रामनाथ, सासू साळुबाई, सात वर्षांची मुलगी. कार्तिकातल्या एका गुरुवारी, संध्याकाळी सहा वाजून एकवीस मिनिटांनी सतरा नंबरच्या कॅमेऱ्याला बिबट्या दिसला. त्या मिनिटाला लॉगमध्ये दोन ओळी पडल्या. 'बिबट्या दिसला.' 'भोंगा वाजला.' रुपाली खांबापासून वीस पावलांवर गाईंसाठी घास कापत होती.

भोंगा वाजूनही बाई जागची हलली नाही, असा अहवाल आपल्या कंपनीने दिला. लॉगचा कागद त्याला जोडला होता. कागदावर वेळ होती, ओळ होती, मग कोण काय बोलणार? गावाने स्वतःच्या मनाने पुढचं जुळवलं. कानात गाणी लावली असतील, फोनवर बोलत असेल. रामनाथने तिचा मोबाइल विहिरीत टाकला. पोरगी शाळेत उशिरा गेली तरी बाया म्हणायला लागल्या, आईवर गेलीय, ऐकत नाही.

खरं सांगू का, आपले डबे यायच्या आधी या बाया जास्त शहाण्या होत्या. घास कापायला चौघी-पाचजणी मिळून जायच्या, मोठमोठ्याने बोलत, एकीच्या हातात थाळी आणि पळी. बिबट्या मान धरतो म्हणून कुणी कुणी गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधायच्या. मग आपण खांब रोवले आणि त्यांना सांगितलं, आता निर्धास्त राहा. त्या निर्धास्त झाल्या. थाळ्या घरी राहिल्या आणि त्या एकेकट्या जायला लागल्या. भोंगा वाजत नाही म्हणजे काही नाही, असं त्यांनी धरून चालायला सुरुवात केली. आपणच शिकवलं होतं तसं.

तर मी शिडी लावून वर चढलो. दुपारचे चार वाजले असतील. पलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. उसातून कसलाच आवाज नव्हता. वारा असून पाती हलत नव्हती, हे मला चढताना लक्षात आलं आणि मी ते मनातून झटकून टाकलं. कॅमेरा सोडवला, भोंगा सोडवला आणि तो उलटा केला.

भोंग्याच्या तोंडात कुंभारणीने मातीचं घर बांधलं होतं. ती काळी लांब कमरेची माशी, तीच. घर वाळून दगड झालेलं, वर कोळ्याची जाळी. मागच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, आणि कुरतडलेली टोकं गंजून हिरवी पडलेली. हे महिन्याभरातलं नव्हतं. तो भोंगा पावसाळ्यापासून मुका होता.

मग लॉगमध्ये 'वाजला' कुणी लिहिलं?

शिडीवर उभ्या उभ्याच मला ते आठवलं. श्रेया, दोन वर्षांपूर्वी पहिल्या डेमोच्या आदल्या दिवशी मी भोंग्याला हुकूम सोडणारी फाइल लिहीत होतो. हुकूम सोडताना काही बिघडलं तर काय करायचं, यासाठी एक कप्पा ठेवावा लागतो. मी तो ठेवला आणि रिकामा सोडला. त्याच्याखाली पुढची ओळ, 'भोंगा वाजला' असं लिही. म्हणजे भोंगा वाजो न वाजो, बिघाड त्या कप्प्यात गडप होणार आणि खाली 'वाजला' असंच लिहिलं जाणार. टूलने ते पकडलं होतं बरं का. ते टूल म्हणजे शाळेतल्या खडूस बाई, एक काना सुटू देत नाहीत. दोनशे चौदाव्या ओळीवर लाल खूण आली. 'हा कप्पा रिकामा आहे.' इंग्रजीत होतं, पण अर्थ हाच.

लाल खूण गप्प करायची सोय असते, तुला माहीत आहे. नाव घालायचं आणि कारण लिहायचं. मी लिहिलं, 'उद्या डेमो आहे. नंतर बघू. — सुदर्शन.' अहवाल हिरवागार झाला. दुसऱ्या दिवशी गोकुळशेटने पेढे वाटले. नंतर मी कधी बघितलं नाही.

खाली उतरलो तर साळुबाई शिडीजवळ येऊन उभी होती. सत्तरीची, सुकून काटकुळी झालेली म्हातारी. तिने मला चहा विचारला. मी नको म्हणालो. मग ती हळूच म्हणाली, "भाऊ, एक इचारू का? रागावू नगा."

"विचारा ना."

"त्या दिशी भोंगा खरंच वाजला व्हता का? मी हितंच बसले व्हते, वट्यावर, शेंगा फोडत. मला काय बी ऐकू आलं न्हाई. समदी म्हनत्यात वाजला, मशीननं लिवून ठिवलंय. मंग माझंच कान गेलं म्हनायचं. नारायणगावला डागतरला दावलं, तर त्यो म्हनतो, आजी, तुमचं कान पोरीवानी हायेत." तिने कानाला हात लावला. "मंग मला कसा आला न्हाई ऐकू? आला असता तर मी तिला हाक मारली असती..."

भोंगा माझ्या हातात होता, तोंडात माती असलेला. नुसता तिच्यापुढे धरला असता तरी झालं असतं. तिची सून निर्दोष ठरली असती, तीही सुटली असती, रामनाथ बायकोसाठी रडला असता. या सगळ्याला एक वाक्य पुरत होतं. मी भोंगा पिशवीत घातला आणि म्हणालो, "वाजला होता, आजी."

तिने मान हलवली. "व्हय. मशीन कशाला खोटं लिवंल," असं पुटपुटत ती गोठ्याकडे गेली. मी भेकड माणूस आहे, श्रेया. आधी नव्हतो असंही नाही, पण त्या दिवसापर्यंत मला तसा दाखला मिळाला नव्हता.

डबा गाडीत मागच्या सीटवर ठेवला. बॅटरी काढून वेगळी, सिम काढून माझ्या पाकिटात. नारायणगाव सोडलं, कळंब मागे टाकलं आणि मोबाइल वाजला. लॉगची सूचना. मी गाडी कडेला घेतली. सहा एकवीस झाले होते. पडद्यावर होतं, डबा सतरा, 'माणूस दिसला.'

मी मागे वळून बघितलं. सीटवर कॅमेरा उताणा पडला होता, वायरी लोंबत होत्या. गाडीत ओल्या घासाचा वास येत होता, नुकत्याच कापलेल्या घासाचा. तो वास मी खोडदहून आणला नव्हता, कारण तिथला घास कापायला महिनाभर कुणी गेलंच नव्हतं. मग दुसरी ओळ पडली. 'भोंगा वाजला नाही.'

घरी, अवसरीला पोचेपर्यंत मी मनाची समजूत काढत होतो. जुनं काहीतरी अडकलं असेल, आत्ता सुटलं असेल. जेवण न करता लॅपटॉप उघडला आणि सगळा कोड पिंजून काढला. 'भोंगा वाजला नाही' हे वाक्य आपल्या प्रोग्रॅममध्ये कुठेच नाही. कुणी लिहिलंच नाही ते. पण लॉगच्या प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीतून आली ते छापलेलं असतं. मी ते बघितलं. दोनशे चौदा. तो रिकामा कप्पा, श्रेया. जिथे मी काहीच लिहिलं नव्हतं, तिथून ते आलं होतं.

दुसऱ्या दिवशीही सहा एकवीसला आलं. तिसऱ्याही. मंगळवारी मी लॅपटॉप गोकुळशेटपुढे ठेवला, सगळं कबूल केलं, कुंभारणीचं घरही दाखवलं. तो पडद्याकडे बघून म्हणाला, इथे तर 'वाजला' असंच आहे. मला 'वाजला नाही' दिसत होतं, त्याला 'वाजला'. फोटो काढला तर फोटोतही त्याला तसंच. कागदावर छापलं, तेच. शेवटी त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, सुट्टी घे म्हणाला. माती काय, नंतरही साचली असेल, असंही म्हणाला. वाईट माणूस नाही तो. तो अहवाल त्याच्याच सहीचा होता आणि त्याला रात्री झोप हवी होती, एवढंच.

मी मग घाबरून जे करायचं ते केलं. कप्प्यात नीट ओळी भरल्या, ती जुनी 'नंतर बघू' पुसली, टूल चालवलं. लाल खूण गेली नाही. फाइल अख्खी उडवली, दुसऱ्या नावाने नवी लिहिली. टूल पुन्हा चालवलं. नसलेल्या फाइलीतल्या दोनशे चौदाव्या ओळीवर तक्रार होतीच, फक्त शब्द बदलले होते. 'हा कप्पा रिकामा नाही.'

तीच आज सकाळी तू वाचलीस.

तेव्हा मी ठरवलं, आता खोडदला जाऊन सांगायचं. पौष लागला होता. मुद्दाम संध्याकाळी गेलो, रामनाथ घरी भेटेल म्हणून. तो आणि साळुबाई ओट्यावर बसले होते, पोरगी दारात अभ्यास करत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. भोंगा मुका होता, मला माहीत होतं, मी खोटं बोललो, रुपालीची काही चूक नव्हती. पिशवीतून भोंगा काढून रामनाथच्या पायाशी ठेवला. मला वाटलं तो मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्याने भोंग्याकडे बघितलंही नाही. "कशापायी असं बोलताय, राव?" तो म्हणाला. "रोज वाजतोय की."

मी म्हटलं, काय वाजतंय? खांबावर तर काहीच नाही.

"खांबावर नसंल," साळुबाई म्हणाली, आणि तिच्या तोंडावर मी पहिल्यांदा समाधान बघितलं. "पर ऐकू येतंय. आता मला बी येतंय बरं का भाऊ. दिवस बुडला की वाजतोय, लई मोठ्यानं. समद्या वस्तीला येतंय. त्या दिशी बी वाजला असंल. माझंच ध्यान नव्हतं, न् तिचं बी."

मी घड्याळ बघितलं. सहा वीस. मी म्हणालो, आजी, तो वाजला नव्हता, मी देवाशपथ सांगतो. तेवढ्यात रातकिडे एकदम गप्प झाले. ओट्याखालचं कुत्रं उठून उसाकडे तोंड करून उभं राहिलं. साळुबाईने दोन्ही कानांवर हात ठेवले, रामनाथने तोंड वाकडं केलं, दारातल्या पोरीने वही टाकून कान दाबले. शेजारच्या वस्तीवरची बाई आपल्या लेकराला ओढत घरात गेली. सगळ्यांना ऐकू येत होतं. मला काहीही नाही. नुसती शांतता, आणि त्या शांततेत घासाचा तो वास, इतका जवळ की कुणीतरी भारा घेऊन माझ्या मागून गेलं असावं.

मिनिटभराने त्यांनी हात खाली घेतले. "ऐकलं न्हवं?" साळुबाईने विचारलं.

मी भोंगा उचलला आणि निघालो. मागून पोरीचा आवाज आला, ती आजीला विचारत होती, या काकांचे कान गेलेत का?

त्यानंतर मी दोनदा गेलो, सरपंच दादाभाऊंनाही भेटलो. आता तर गावात कुणीच मानायला तयार नाही. रोज कानाने ऐकतोय म्हणतात. मशीनने लिहिलंय आणि कानाने ऐकलंय, मग मधल्या मधे माझ्यासारख्याचं कोण ऐकणार? रुपाली मेली तेव्हा निदान एका माणसाला शंका होती. त्या म्हातारीची शंका माझ्या एका वाक्याने गेली, आणि आता ती परत आणता येत नाही. मला सगळ्यात जास्त त्याचं वाटतं. भुताचं भय नाही वाटत मला, ते तर बिचारं रोज खरं लिहीत होतं, सही करून दिल्यासारखं, आणि वाचणारा मी एकटा. मी रोज सहा एकवीसला लॅपटॉप उघडून बसतो. तेवढी एक ओळ वाचली की वाटतं, जगात अजून कुणीतरी आहे ज्याला ठाऊक आहे.

म्हणून सकाळी तू विचारलंस तेव्हा मी उठून गेलो. ती तक्रार माझ्याशिवाय कुणाला दिसली नव्हती. तुला दिसली. गोकुळशेटला दिसली नाही, नंतर रामनाथला त्या अहवालाचा कागद दाखवला तर त्याला कोरा दिसला, आणि तू जागेवर बसून सहज वाचलीस. उद्या माझ्याबरोबर खोडदला चल. तू काही करू नकोस, फक्त साळुबाईला सांग की तुलाही दिसलं. तुझ्यासारख्या परक्या मुलीचं ती ऐकेल. त्या पोरीला कुणीतरी सांगायला हवं की तिची आई न ऐकणारी नव्हती. दुसरं काही मागत नाही मी.

थांब, दिवस बुडाला. यूपीएसची ती पिपाणी आता थांबली, लॅपटॉपच्या उजेडावर बसू जरा. भोंगा बघायचाय? त्या कपाटात आहे, खालच्या खणात, तोंडातली माती मी तशीच ठेवलीय. सहा वीस झाले. आता ओळ पडेल, तूही बघ, इकडे सरक.

...

श्रेया, कानांवर हात का ठेवलेस?

नाही, कपाट बंदच आहे. तूच बघ, कुलूप आहे. काय म्हणतेस... जरा हळू बोल, ओरडू नकोस, मला तुझ्याशिवाय काहीच ऐकू येत नाही...

"अहो दादा, वाजतोय की!" असं म्हणालीस ना तू?

बरं. बस. पाणी पी. आता तुला एसटीपर्यंत सोडतो. उद्या खोडदला नको यायला, तू तिथे जाऊन हेच सांगशील, आणि ते खोटंही नसेल.

जाण्याआधी एवढं फक्त वाचून दाखव, माझे डोळे नीट चालत नाहीत आता. लॉगमध्ये आज ओळ पडलेली नाही. सहा एकवीस होऊन गेले, पहिल्यांदाच कप्पा गप्प आहे. आणि इकडे अहवाल बघ, हिरवा झालाय. शून्य तक्रारी. दोनशे चौदावरची खूण आत्ता कुणीतरी गप्प केली, नाव घालून, कारण लिहून. मी नाही केली, माझे हात तर इथे तुझ्यासमोर आहेत.

नाव कुणाचं आहे ते मला दिसतंय. कारण तू वाच.

'भोंगा वाजला होता. मीच ऐकला नाही. — रुपाली.'